आमच्या घरची फळी

दिवाळी जवळ आली की आमच्या घरची पुस्तकांची फळी खाली उतरते. हा रिवाज आमच्या आईने घातला. आम्ही ख्रिस्ती, आमचा मोठा सण नाताळ. पण आई म्हणायची, साऱ्या आळीची घरे झाडून लख्ख होत असताना आपल्याच घरात जाळी लोंबत राहिली तर ते बरे दिसेल का? म्हणून नाताळची झाडलोट आमच्याकडे दोन महिने आधीच उरकली जाई. दिवाळीत शेजारची फराळाची ताटे आमच्याकडे येत आणि नाताळात आमच्या करंज्या त्याच ताटांतून परत जात.

वडिलांची दिवाळी याहून निराळी होती. ते प्राथमिक शाळेत शिक्षक. पगार बेताचा. तरी त्या महिन्यात दोन-तीन दिवाळी अंक ते घरी आणीतच. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला, त्याचे त्यांना भारी कौतुक. “दिव्यांचा सण शेजाऱ्यांचा असेल, पण अंकांचा सण आपलाही आहे,” असे ते म्हणत. आईला हा खर्च पटत नसे. मात्र आलेला अंक पहिल्यांदा तिच्याच हाती पडे आणि त्यातल्या गोष्टी ती वडिलांच्या आधी वाचून संपवी.

तर ही फळी. ती काही शिसवी कपाटातली नव्हे. देवदारी खोक्याची एक लांब पट्टी, भिंतीत ठोकलेल्या दोन लोखंडी आधारांवर टेकवलेली. तिच्यावर पुस्तके किती? माझ्या लहानपणी तीस-पस्तीस असतील. नंतर मी पुष्कळ पुस्तके घेतली, त्यांना कपाटेही केली. पण ती फळी अजून तिथेच आहे आणि तिच्यावरची पहिली सात-आठ पुस्तके मी कधी हलवू दिली नाहीत. मला लहानपणी एकाने एक प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर या फळीवर होते. ते सापडायला मात्र मला जन्म घालवावा लागला.

प्रश्न साधाच होता. १९५९ साली मी आठवीत होतो. मराठीच्या पेपरात वर्गात पहिला आलो. पेपर देताना गुरुजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि मनापासून कौतुकाने विचारले, “अरे, तू ख्रिस्ती ना? मग तुझं मराठी इतकं चांगलं कसं?” सारा वर्ग हसला. मीही हसलो. गुरुजी सज्जन होते, त्यांच्या मनात काही वाकडे नव्हते. पण घरी येईपर्यंत त्या वाक्याचे कुसळ झाले होते. संध्याकाळी वह्या तपासत बसलेल्या वडिलांना मी तोच प्रश्न विचारला. त्यांनी मान वर केली नाही. लाल पेन्सिलीने फळीकडे बोट केले आणि म्हणाले, “वर बघ.”

मी वर पाहिले. धूळ दिसली.

त्या फळीवर सर्वांत जुनी पुस्तके आजोबांची. ती तीनच. पवित्र शास्त्र, गायनाचे पुस्तक आणि जॉन बन्यनच्या यात्रेकरूच्या गोष्टीचे मराठी रूप. आजोबा नेवासे तालुक्यातले. गावकुसाबाहेरच्या वस्तीत जन्मलेले आणि मिशनच्या शाळेत अक्षर शिकलेले. आमच्या कुळात त्यांच्याआधी कोणाला अक्षरओळख नव्हती. होणार तरी कशी? तेव्हा माझ्या दृष्टीने आमच्या घरात धर्म आणि अक्षर ही दोन्ही एकाच दाराने आली. लोक विचारतात, तुमच्या आजोबांनी धर्म का बदलला? मी त्यांना सांगतो, त्यांना वाचायचे होते. हे उत्तर पुरे नाही याची मला कल्पना आहे, पण खोटेही नाही.

बन्यनची ती गोष्ट इंग्रजीत १६७८ साली छापली गेली. हरि केशवजी यांनी १८४१ सालीच ती ‘यात्रिक क्रमण’ या नावाने मराठीत आणली. पाठीवर मोठे ओझे घेतलेला एक माणूस घरदार सोडून निघतो आणि वाटेत एके ठिकाणी ते ओझे आपोआप गळून पडते, अशी ती कथा. पाद्री लोक सांगत, ते ओझे म्हणजे पाप. आजोबा मात्र आजीला ती गोष्ट वाचून दाखवीत तेव्हा आजी म्हणे, “पापाचं मला ठावं न्हाई. पन वझं काय असतं ते मला ठावं हाय.” पाटलाची, सरकारी अंमलदारांची ओझी गावोगाव फुकट वाहण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणाकडे होते, हे आमच्या भागातल्या वाचकांना सांगायला नको. बन्यनने बेडफर्डच्या तुरुंगात ज्या पुस्तकाची मांडणी केली, ते नेवासे तालुक्यातल्या एका निरक्षर बाईला असे कळले. मला वाटते, बन्यनला याचा राग आला नसता.

या तीन पुस्तकांशेजारी वडिलांनी स्वतः घेतलेले पहिले मोठे पुस्तक म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’. स्टीफन्स इंग्रज, जेझुइट पंथाचे धर्मगुरू. १५७९ साली ते गोव्यात आले आणि तिथलेच झाले. नवख्रिस्ती लोकांना जुन्या पुराणांची सवय. ती सुटली, आता आम्ही वाचायचे काय, असे ते विचारू लागले. तेव्हा स्टीफन्सनी त्यांना त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच ओवीत पुराण रचून दिले. जवळजवळ अकरा हजार ओव्या. १६१६ साली रायतूर येथे ते छापले, तेही रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे तिथे नव्हते. पुढे आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. पण त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज कोठे असल्याचे माहीत नाही. १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलू लागावे. म्हणजे एका ख्रिस्ती माणसाने मराठीची थोरवी गायची आणि सत्तर वर्षांनी ख्रिस्ती राज्यकर्त्यांनीच लोकांच्या तोंडची भाषा काढून घ्यायला निघायचे! आमच्या इतिहासात या दोन्ही गोष्टी आहेत. एक सांगून दुसरी लपवली तर ते खोटे होईल.

पुराण टिकले ते हस्तलिखितांमुळे. १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी ते रोमन लिपीतच पुन्हा छापले आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून ते देवनागरीत आणले. ती प्रत वडिलांनी कशी घेतली हे मला आठवते, कारण त्या वर्षी माझा नवा सदरा नाताळऐवजी ईस्टरला शिवला गेला.

रात्री जेवणे झाल्यावर वडील त्यातल्या ओव्या मोठ्याने वाचीत. पहिल्या रात्री आजी दाराशी बसून ऐकत होती. थोड्या वेळाने तिने डोळे मिटले आणि ती डोलू लागली. वडिलांना वाटले तिला झोप आली. ते थांबले, तशी ती म्हणाली, “थांबू नगं. ही चाल मी ऐकलीय.”

मग तिने सांगितले. ती मोठ्या दुष्काळाच्या सुमारास, म्हणजे १९०० च्या आसपास जन्मलेली. लहानपणी तिच्या गावी देवळात श्रावणात पोथी लागे. श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’. सारे गाव देवळात बसे. तिच्या वस्तीतल्या बायामुलांनी दूर लिंबाखाली बसायचे. वारा इकडचा असला तर ओवी ऐकू येई, तिकडचा असला तर नुसता टाळ. “कृष्ण जन्माला आला का न्हाई ते वाऱ्यावर हुतं,” आजी हसत म्हणाली. “आन्‌ आता ही वव्या घरात!”

पुढे कॉलेजात मी ‘ख्रिस्तपुराणा’वरचे विद्वानांचे लेख वाचले. त्याची भाषा, त्यातले कोकणी शब्द, ज्ञानेश्वर-एकनाथांचे ऋण, सगळे वाचले. पण त्या ग्रंथाने काय केले हे आजीच्या त्या एका वाक्याइतके मला कोणी समजावून दिले नाही. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती १२९० साली आमच्याच नेवाशाला. तिथून आजीच्या लिंबापर्यंत ओवीला यायला सहाशे वर्षे लागली, आणि लिंबापासून घरात यायला आणखी पन्नास.

आता फळीवरच्या माझ्या सर्वांत आवडत्या पुस्तकाकडे येतो. वाचकांनी ते ओळखलेच असेल. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. १९३४ पासून त्याचे भाग निघू लागले. लक्ष्मीबाई १९३६ साली गेल्या. हे पुस्तक आमच्या घरात पवित्र शास्त्राच्या खालोखाल मानाचे, पण त्याचे कारण वेगळे होते. वडील ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांसाठी वाचीत. टिळक आमच्या नगरचे भूषण. (नगर म्हणजे अहमदनगर, २०२४ साली ते अहिल्यानगर झाले, पण माझ्या जिभेला नगरच येते.) त्यांची गाणी आम्ही दर रविवारी गात होतो. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, ही आमच्याकडे विजयाची हकीकत म्हणून सांगितली जाई.

शेजारी एक काकू राहत. सोवळ्याओवळ्याच्या कडक, पण वाचनाचे वेड. त्यांनी एकदा वडिलांकडे ‘काहीतरी वाचायला’ मागितले आणि वडिलांनी त्यांना ‘स्मृतिचित्रे’ दिले. महिन्याने पुस्तक परत आले. एका पानावर हळदीचे बोट उमटले होते. काकू ओट्यावर उभ्या राहिल्या. आत येण्याचा प्रश्न नव्हता. वडिलांना वाटले, टिळकांबद्दल काही बोलतील. त्या म्हणाल्या, “पुस्तक फार चांगलं आहे हो. पण एक सांगा, हा गृहस्थ निघाला तेव्हा त्यानं तिला विचारलं होतं का?”

वडील गप्प. इतकी वर्षे ते पुस्तक वाचूनही हा प्रश्न त्यांच्या मनात आला नव्हता. तो माझ्याही मनात आला नव्हता. आम्ही त्या पुस्तकात टिळक कसे ख्रिस्ताकडे गेले ते वाचत होतो. काकूंनी मागे राहिलेली बाई वाचली होती. नवरा धर्म बदलून गेला, पदरी लहान मुलगा, लोकांच्या घरी दिवस काढायचे, आणि हे सगळे ती सांगते कसे, तर स्वतःलाच हसत! त्या रात्री मी ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतले. तेच पुस्तक, तीच पाने, पण मी निराळे पुस्तक वाचत होतो. वाचन म्हणजे काय हे मला शाळेने शिकवले नाही. ते काकूंनी ओट्यावरून शिकवले.

पण गोष्ट इथे संपली नाही. त्या वेळी आजी आत तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवले आणि ती दाराशी आली. पुस्तक तिने वडिलांकडून अनेकदा ऐकले होते. ती काकूंना म्हणाली, “बाई, तिला इचारलं न्हाई ते वंगाळच झालं. पन नवऱ्याकडं परत आल्यावर बी तिनं आपलं पानी अलग ठिवलं हुतं, ते वाचलं का? आमच्यावानी मान्साच्या हातचं पानी प्याला तिला किती दिस लागलं!” आणि ती खळखळून हसली. हसण्यात टोमणा नव्हता. लक्ष्मीबाईंनी स्वतःच ती हकीकत हसत सांगितली आहे, तसेच ते हसणे होते. जातिभेद देवाने केला नाही, माणसांनी केला, हे लक्ष्मीबाईंना आधी उमगले, बाप्तिस्मा नंतर.

काकू काही बोलल्या नाहीत. जरा वेळाने म्हणाल्या, “आजी, उन्हाची आले. थोडं पाणी देता?”

नुसते पाणी. चहाला आणखी दोन वर्षे लागली. पण त्या दुपारी आमच्या घरचा तांब्या ओट्यावर गेला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पुस्तकांनी जग बदलते की नाही, यावर मी पुष्कळ व्याख्याने ऐकली. मला एवढेच ठाऊक आहे, की एका पुस्तकाने दोन घरांमधले वीस पावलांचे अंतर कमी केले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १९६१ च्या उन्हाळ्याच्या सुटीत आजी मला म्हणाली, “लेकरा, मला बी वाचाया शिकीव. कवर दुसऱ्याच्या तोंडानं ऐकू?”

इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ती मी फार दिवस कोणाला सांगितली नव्हती. मी शिकवायला बसलो खरा. पाटी आणली, पेन्सिल आणली. साठीची बाई भराभर शिकली; महिन्याभरात बाराखडी झाली. मग मी मोठ्या ऐटीत तिच्यापुढे पवित्र शास्त्र उघडले. तिने बोट ठेवून एक ओळ वाचायला घेतली आणि एका जोडाक्षरापाशी अडखळली. पुन्हा अडखळली. तिसऱ्यांदा तिने जे काही उच्चारले त्याचा अर्थ भलताच होत होता. मी फिदीफिदी हसलो. एवढेच नव्हे, तर बाहेर जाऊन मित्रांना ते सांगितले आणि तेही हसले. आजीला ते ऐकू गेले. तिने पाटी उचलली, कोनाड्यात ठेवली आणि सूप घेऊन बसली. महिनाभर तिने पाटीला हात लावला नाही. तू ख्रिस्ती असून मराठी कसे, या प्रश्नाचे कुसळ ज्याला टोचले होते, त्यानेच स्वतःच्या आजीला तसलेच कुसळ टोचले. मराठी जणू त्याच्या बापाची मिरास!

वाट काढली ती काकूंनी. आता त्या आमच्या ओट्यावर बसू लागल्या होत्या. त्यांनी आजीला विचारले, पाटी कुठे गेली? आजीने सांगितले. काकूंनी माझ्याकडे पाहिले तेव्हा मला जमीन दुभंगावी असे वाटले. मग त्या वडिलांना म्हणाल्या, “यांना सोप्या भाषेतलं काही द्या ना. हे शास्त्र मलाही जड जातं.”

वडिलांनी फळीवरून एक पातळसे पुस्तक काढले. पंडिता रमाबाईंच्या भाषांतरातला नवा करार, केडगावच्या मुक्ती मिशनचा. रमाबाईंविषयी एक गोष्ट मला फार मोठी वाटते. ही बाई संस्कृतात इतकी निष्णात, की १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. तिने ठरवले असते तर शास्त्राचे मराठी किती जड करता आले असते! पण ती हिब्रू आणि ग्रीक शिकली ती मूळ समजावे म्हणून, आणि भाषांतर केले ते खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला वाचता यावे म्हणून. आयुष्याची अखेरची वर्षे तिने त्यात घातली. मुक्तीतल्या बायकांनीच ते छापले. रमाबाई १९२२ साली गेल्या आणि संपूर्ण शास्त्र १९२४ साली बाहेर पडले. विलियम कॅरीच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार निघाला होता १८११ साली. म्हणजे शंभरांवर वर्षे मराठीत शास्त्र होते, पण माझ्या आजीसाठी कोणी लिहिले नव्हते. ज्या बाईला सर्वांत जास्त संस्कृत येत होते तिनेच ते लिहिले.

आजीने मार्काचे शुभवर्तमान घेतले, कारण ते चौघांत सर्वांत लहान. रोज दुपारी पाच-सहा ओळी. शेजारी काकू. अडले की काकू सांगत आणि काकूंना त्यातली गोष्ट ठाऊक नसली की आजी सांगे. मी उंबऱ्यावर बसून ऐकत असे. मला कोणी आत बोलावले नाही आणि जाण्याचे धाडस मला झाले नाही. चार वर्षे हे चालले. मधे आजारपणे आली, डोळे गेले-आले. १९६५ च्या पावसाळ्यात आजी वारली. त्या पुस्तकात तिने खूण म्हणून ठेवलेले एस.टी.चे तिकीट अजून तसेच आहे. बाराव्या अध्यायात, जिथे एक गरीब विधवा आपली दोन नाणी पेटीत टाकते त्या गोष्टीपाशी. सोळांपैकी बारा अध्याय. माझ्या एम. ए. ला मी ते कमी मानीत नाही.

कॉलेजात गेल्यावर मला गुरुजींच्या प्रश्नाची तयार उत्तरे मिळाली. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची. मराठीतल्या अगदी आरंभीच्या कादंबऱ्यांत तिची गणना होते, आणि ती विधवांच्या दुःखावर आहे. खरे सांगायचे तर ती आज वाचायला जड जाते. बाबा गोष्ट सांगता सांगता उपदेशाला बसतात. ‘ज्ञानोदय’ १८४२ साली आमच्या नगरला सुरू झाला आणि पुढे टिळक त्याचे संपादक होते. जस्टिन ॲबट नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याने उतारवयात मराठी संतांची चरित्रे इंग्रजीत नेली. त्यांतली बरीचशी महिपतींच्या ग्रंथांतली, आणि महिपती राहुरी तालुक्यातल्या ताहराबादचे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे टिळकांचे बोल प्रसिद्धच आहेत. म्हणून वडिलांनी तुकोबांची गाथा शास्त्राच्या शेजारी ठेवली होती. आमच्या एका नातलगाने एकदा हरकत घेतली. वडील म्हणाले, “पूल ओलांडला म्हणून कोणी पाडतं का?”

ही यादी मी पुष्कळ वर्षे छाती काढून सांगत असे. पण १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले आणि माझी छाती आत गेली. पवार आमच्याच जिल्ह्यातले, अकोले तालुक्यातले. एका रात्रीत मी ते पुस्तक वाचले. आजीने जे कधी सांगितले नव्हते, किंवा हसत हसत अर्धेच सांगितले होते, ते तिथे होते. मी पदमनजी, टिळक, रमाबाई अशी जी नावे घेत होतो ती सारी उंबऱ्याच्या आतून आलेल्या माणसांची. पोथी ज्यांनी देवळात बसून ऐकली होती त्यांची. लिंबाखाली बसून ऐकणाऱ्यांचे काय? धर्म बदलला तरी गावाने आम्हांला जुन्याच नावाने हाक मारली. आणि आमच्याही मंडळीत सोयरीक जुळवताना मूळ गाव कोणते, मूळ आडनाव कोणते, हे हळूच विचारले जाई. ते मी कानांनी ऐकले आहे. ‘बलुतं’ मी फळीवर ठेवले ते बन्यनच्या त्या यात्रेकरूच्या शेजारी. दोघांच्याही पाठीवर ओझे आहे.

गुरुजींचा प्रश्न पुन्हा एकदा कानांवर आला तो साठ वर्षांनी. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची उस्मानाबादच्या साहित्य संमेलनासाठी अध्यक्ष म्हणून निवड झाली. ‘सुबोध बायबल’ लिहिणारा, वसईच्या हिरवाईसाठी लढलेला हा माणूस. पण ख्रिस्ती धर्मगुरू मराठी साहित्याचा अध्यक्ष कसा, असे काहींनी विचारलेच. जानेवारी २०२० मध्ये प्रकृती ठीक नसताना ते संमेलनाला गेले. २०२४ च्या जुलैत ते वारले. त्या दिवशी मी फळीखाली बसून राहिलो. मला वाटले, आता उत्तर द्यायला यादी नको. वडिलांनी लाल पेन्सिलीने दाखवले होते ते फळीवरच्या नावांकडे नव्हतेच. त्यांनी कदाचित फळीकडेही दाखवले नसेल. फळीच्या खाली तेव्हा आजी बसलेली असे. मराठी आमची कशी? जशी ती लिंबाखाली बसून वारा फिरण्याची वाट पाहणाऱ्या माणसाची असते, तशी.

या वर्षीही फळी उतरली. नात पुण्याहून सुटीला आली आहे. इंग्रजी शाळेत शिकलेली. शांता गोखल्यांनी २०१७ साली केलेले ‘स्मृतिचित्रे’चे इंग्रजी भाषांतर तिने वाचले आणि मला फोनवर म्हणाली, “आजोबा, ते मूळचं पुस्तक तुमच्याकडे आहे ना? मला ते वाचायचंय.” काल दुपारी ती ते घेऊन ओट्यावर बसली. पाने पिवळी झाली आहेत, शिवण सुटली आहे. हळदीच्या बोटापाशी ती थांबली आणि हे काय म्हणून तिने विचारले. मी काकूंची गोष्ट सांगितली. काकू आता नाहीत. पण त्यांच्या घरचे ताट अजून येते, आणि कालच आले होते.

मग ती मोठ्याने वाचू लागली. एका जोडाक्षरापाशी अडखळली. पुन्हा अडखळली. तिसऱ्यांदा जे म्हणाली त्याचा अर्थ भलताच झाला. तिने चमकून माझ्याकडे पाहिले.

मी हसलो नाही. म्हटले, “वाच पुढं. मी ऐकतोय.”